रस्ता रिकामा मागायचा नाही

फ्लोरी टीचर प्रार्थना करायच्या ती गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून. इंजिन सुरू, क्लच दाबलेला, आणि अशा वेळी यांची प्रार्थना. चावी फिरवण्याआधी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावणारे लोक मी पाहिले होते. हा क्रम मात्र मला नवा होता. पुढे कधीतरी मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "गिअर पडल्याशिवाय माणूस मनापासून प्रार्थना करत नाय रे. न्यूट्रलमध्ये सगळे नुसते पुटपुटतात."

पहिल्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागचा रस्ता सकाळी जरा मोकळा असतो, तिथे त्यांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. क्लच दाबायला लावला, गिअर टाकायला लावला आणि क्रुसाची खूण केली. आता आमच्या घरातले संस्कार असे, की दुसऱ्याच्या देवापुढेही माणसाने नीट उभं राहावं. उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून मी डोळे मिटले, हात जोडले आणि आदराने पाय मागे घेतले. दोन्ही.

गाडीने उडी मारली. टीचरच्या बाजूलाही ब्रेक होता म्हणून समोरच्या उसाच्या रसाच्या गाडीवरचा माणूस आज हयात आहे. तो घुंगराच्या चरकामागून बाहेर येऊन आमच्याकडे बघत राहिला. टीचरनी शांतपणे प्रार्थना पुरी केली, आमेन म्हटलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"सावंत, डोळे कशाला मिटले?"

"तुम्ही प्रार्थना करत होतात ना."

"उघड्या डोळ्यांनी केलेली देवाला चालते. समोरच्याला मिटलेले नाय चालत."

मी गाडी शिकायला गेलो तो चाळिशी उलटल्यावर, आणि तेही अपमान होऊन. गाडी आमच्याकडे होती, बायको झकास चालवायची. मी शेजारी बसून सूचना द्यायचो. एकदा कांदिवलीच्या सिग्नलला तिने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाली, "इतकं कळतं ना, मग शीक आणि चालव. नाहीतर गप बस." गप बसणं आमच्या घराण्यात कोणाला जमलेलं नाही, म्हणून मी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथे एक तरुण शिक्षक होता. त्याने दोन दिवसांत हात टेकले आणि मला फ्लोरी टीचरकडे ढकललं. त्यांच्याकडे घाबरणाऱ्या बायका जायच्या. त्या बॅचमधला एकटा पुरुष मी, आणि सगळ्यांत जास्त घाबरणाराही मीच.

टीचर बोरिवलीच्या गावठाणातल्या, तिथल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती घरातल्या. साठीला आलेल्या, ठेंगण्या, गुडघ्याखालपर्यंतचा फुलाफुलांचा फ्रॉक आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. गाडी त्यांना नवऱ्याने, अंतोननी शिकवली होती. अंतोन चारकोपच्या एका कारखान्याचा टेम्पो चालवायचे आणि त्यांचा आवाज इतका मोठा, की गावठाणातल्या लग्नात हाउजीच्या खेळाचे आकडे पुकारायला त्यांना माइक लागत नसे. त्याच आवाजात त्यांनी बायकोला गाडी शिकवली. "तो ओरडायचा, मी शिकायची," टीचर सांगायच्या, "आणि तेव्हाच ठरवलं, मी कोणाला शिकवलं तर ओरडायचं नाय. एका घरात एक भोंगा बस झाला."

खरंच त्या कधी ओरडल्या नाहीत. मी सलग चार वेळा गाडी बंद पाडली, तरी त्या खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "इंजिनला पण विश्रांती लागते." मागून कोणी हॉर्न मारला आणि मी उलटा हॉर्न मारायला हात उचलला, की हात धरायच्या. "हॉर्न म्हणजे शिवी. जपून वापर, खरी गरज पडेल तेव्हा तोंडात शिल्लक पाहिजे."

प्रार्थना रोज तीच असायची. काही दिवसांत ती मला पाठ झाली, निदान तसं मला वाटत होतं. "देवबापा, आजचा दिवस तुझा. रस्ता रिकामा दे म्हणून मागत नाय, पायात बळ दे. डोकं थंड ठेव. जो आडवा येईल त्याला पण घरी पोचव. आमेन."

शेवटच्या वाक्यावर माझा आक्षेप होता. एकदा एका रिक्षावाल्याने डावीकडून घुसून आरसा जवळजवळ नेलाच, वर माझ्या खानदानाचा उद्धार केला. मी म्हटलं, "टीचर, याला पण घरी पोचवायचं?"

"याला आधी. तो घरी पोचला की रस्त्यावर एक कमी."

"मग सरळ रस्ताच रिकामा मागा ना. देवाला काय अवघड आहे?"

"बोरिवलीत राहून रिकामा रस्ता मागितला तर देव पण हसेल. आणि माझ्या एकटीसाठी रिकामा केला, तर बाकीचे काय हवेत उडतील? ते पण त्याचेच." मग जरा थांबून म्हणाल्या, "रस्ता असतो तसाच असतो, सावंत. आपले पाय बदलतात."

ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी एकदा नापास झालो होतो. दुसरी तारीख शुक्रवारची मिळाली. त्या सुमारास टीचरची प्रार्थना लांबायला लागली. शब्द तेच, पण 'पायात बळ दे' याच्यानंतर त्या थांबायच्या, आणि माझा क्लचवरचा पाय थरथरायला लागायचा. सोमवारी मी विनोद केला, "टीचर, आज प्रार्थनेला वर जाताना ट्रॅफिक लागलं वाटतं." विनोदाची वेळ चुकवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

"लागलं खरं," त्या म्हणाल्या. मग धडा संपल्यावर टपरीवर चहा घेताना, बिस्किट बुडवता बुडवता, त्यांनी सांगितलं. अंतोनच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टर आवाजाची पेटीच काढणार होते. ऑपरेशन गुरुवारी दुपारी, अंधेरीच्या हॉस्पिटलात.

"मग ते बोलणार कसे?" मी विचारलं.

"मी पण डॉक्टरला तेच विचारलं. तो म्हणाला, जगणार कसा ते आधी बघू."

मी म्हटलं, गुरुवारचा धडा राहू दे. त्यांनी मान हलवली. "तो मला हाकलून देतो. म्हणतो, सकाळभर माझं तोंड बघत बसू नको. जा, त्या सावंतला पास कर, नायतर लायसन मिळायच्या आधी रिटायर होईल. ऑपरेशन दुपारी हाय. मी धडा घेऊन आरामात पोचते." चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, "फक्त आत नेतील त्याच्या आधी जरा वेळ त्याच्याजवळ बसायचंय. त्याला बोलू द्यायचंय. त्यानंतर तो आवाज नाय."

गुरुवारी सकाळी आम्ही नेहमीच्या रस्त्यावर होतो. मी गाडी मागे घेण्याचा सराव करत होतो, म्हणजे मी मागे घेत होतो आणि गाडी मनाला येईल तिकडे जात होती. टीचरचा फोन वाजला. हॉस्पिटलातून त्यांची मुलगी शेरील बोलत होती. तिचा आवाज मलाही ऐकू आला. आधीच्या पेशंटचं ऑपरेशन रद्द झालं होतं, आता डॅडींचा नंबर आधी लागणार होता, तयारी सुरू झाली होती. "मम्मी, तू लगेच निघ."

टीचर खाली उतरल्या, फिरून माझ्या बाजूला आल्या. मी सरकून पलीकडे बसलो. त्यांनी गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा चावी फिरवली, पुन्हा बंद. फ्लोरी टीचरच्या हातून गाडी बंद पडलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी खाली बघितलं. त्यांचा डावा पाय पांढऱ्या बुटात नुसता उडत होता. त्यांनी गुडघ्यावर हात दाबून धरला, तरी थांबेना.

"नाय ऐकत," त्या म्हणाल्या.

मी उतरून रिक्षाला हात केला. पहिला अंधेरी ऐकून निघून गेला. दुसऱ्याने मान हलवायचेही कष्ट घेतले नाहीत. मागे वळून बघतो तर टीचर पुन्हा डाव्या सीटवर जाऊन बसलेल्या.

"तू चालव."

"मी? अंधेरीपर्यंत? लिंक रोडने?"

"विमानाने नेतोस तर तसं ने."

मी बसलो. क्लच दाबला, गिअर टाकला आणि सवयीने थांबलो. टीचरनी क्रुसाची खूण केली, तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग समोर बघतच म्हणाल्या, "आज तू म्हण."

इतके दिवस रोज ऐकलेली प्रार्थना, पण त्या क्षणी मला त्यातलं एक अक्षर आठवेना. डोक्यात नुसती धूळ. आणि मग माझ्या तोंडून जे बाहेर पडलं, त्याला मी जबाबदार नाही. त्याला आमचं कणकवलीकडचं गाव जबाबदार आहे. गावात कोणतंही काम काढायचं झालं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस मोठ्याने सांगत जातो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. माझे वडील घालायचे. मी आयुष्यात कधी घातलं नव्हतं. ते आता घातलं, चारकोपला, एल लावलेल्या गाडीत, हॅन्डब्रेकवर हात ठेवून.

"बा देवा म्हाराजा," मी सुरू केलं, "आज ही तुझी लेकरां रस्त्यार इली हत. टीचरांच्या घोवाचा ऑपरेशन आसा. वाटेत जो कोण आडो येयत, त्येका बाजूक सार. सिग्नल मोकळे मिळांदेत. गाडी खंय बंद पडान देव नको. जो काय अडथळो आसात, तो दूर कर रे म्हाराजा."

म्हणून झालं आणि माझ्या लक्षात आलं, की टीचर जे कधी मागत नाहीत तेच सगळं मी मागून बसलो होतो. मी ओशाळून म्हटलं, "चुकलं, टीचर. मी रस्ताच मागितला."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आज रस्ता पण मागून घे." मग विचारलं, "तुझ्या गावाला आमेनच्या जागी काय म्हणतात?"

"होय म्हाराजा."

"होय म्हाराजा," फ्लोरी टीचर म्हणाल्या, आणि वर आमेन जोडलं. मी क्लच सोडला.

देवाने गाऱ्हाणं ऐकलं असेल, पण सिग्नल त्याच्या अखत्यारीत नसावेत. लिंक रोडला लागल्यापासून प्रत्येक सिग्नल आम्हाला लाल भेटला. टीचरनी आपले पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवरून उचलून सीटखाली ओढून घेतले होते. "माझे पाय हिशेबात धरू नको," त्यांनी सांगितलं. म्हणजे गाडीत ब्रेक एकच, आणि तो माझ्या पायाखाली. उजवीकडे मेट्रोचे खांब एकामागून एक अंगावर येत होते. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं.

मालाडला सिग्नल हिरवा झाला आणि नेमकी तिथेच गाडी बंद पडली. मागे बेस्टची बस. तिच्या ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. मी चावी फिरवली, गाडी थडथडली, पुन्हा गप्प. सिग्नल पिवळा झाला. मला वाटलं आपली वाट लागली, आणि आपली लागली तर लागली, टीचरची का लावतोय आपण.

"ब्रेक," टीचर म्हणाल्या. "न्यूट्रल. आता चावी. सावकाश."

"टीचर, वेळ नाहीये."

"म्हणून तर सावकाश म्हणते."

गाडी सुरू झाली तेव्हा सिग्नल पुन्हा लाल झाला होता. आम्ही उभे. बसवाल्याने खिडकीतून मान काढून माझ्याबद्दलचं मत सांगितलं. टीचरच्या ओठांची हालचाल दिसली, म्हणून मी विचारलं, "काय म्हणताय?"

"त्याला घरी पोचव म्हणते. आणि तो पोचेपर्यंत तुझा पाय क्लचवर राहू दे म्हणते."

गोरेगावनंतर माझं घाबरणं बंद झालं, असं मी बायकोला सांगतो. खरं म्हणजे घाबरायला लक्ष उरलं नव्हतं. एकदा शेरीलचा फोन आला. टीचरनी "येतोय" एवढंच सांगितलं. मी किती लांब राहिलं ते विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्या फक्त "डावीकडे ठेव", "आता तिसरा", "बाईला जाऊ दे" एवढंच बोलत होत्या, रोजच्या आवाजात. पाय मात्र सीटखाली तसेच उडत होते. बुटांचा गालिच्यावर होणारा आवाज मला ऐकू येत होता.

हॉस्पिटलच्या फाटकातून आत घेऊन मी गाडी उभी केली, ती बरोब्बर अँब्युलन्सच्या जागेवर. टीचर दार उघडून उतरल्या. एका हाताने गाडीचा पत्रा धरून क्षणभर उभ्या राहिल्या, मग चालायला लागल्या, आधी सावकाश, मग भराभर. वॉचमन धावत माझ्याकडे आला. "गाडी मागे घ्या, मागे घ्या." नेमकं तेच मला येत नव्हतं. त्याने हातवारे केले, मी ते सगळे पाळले आणि तरीही हॉस्पिटलची एक कुंडी फुटली. त्यात शेवंती होती. माफी मागण्यात, माती गोळा करण्यात आणि गाडी कशीबशी बाहेर लावण्यात बराच वेळ गेला.

वर गेलो तर ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर टीचर बसल्या होत्या, हातात रोझरी. शेरील खाली औषधं आणायला गेली होती. थिएटरचं दार बंद होतं.

"भेटले?" मी विचारलं.

"भेटले. त्याला दारातच थांबवलं होतं शेरीलने. नर्सशी भांडून."

"काय म्हणाले?"

"कोळंबी," टीचर म्हणाल्या.

"कोळंबी?"

"काल इकडे यायच्या आधी कोळंबी साफ करून फ्रीजमध्ये ठेवलीय त्याने. म्हणाला, आज नाय केली तर वास मारेल. कांदा कमी घाल म्हणाला. मागच्या वेळी मी जास्त घातला होता, गोड झाली होती, त्यावर बोलला जरा वेळ." त्यांनी रोझरीचा मणी पुढे सरकवला. "मी मध्ये बोलले नाय. त्यालाच बोलू दिलं. नर्स ढकलत होती, तरी तो कांद्यावरच."

त्यांचे पाय आता थांबले होते. मी शेजारी बसलो. अंतोन बाहेर येईपर्यंत दुपार उलटून गेली. मधे एकदा त्या म्हणाल्या, "तू मालाडला बरं सांभाळलंस," आणि मी, ज्याला कौतुक पचत नाही, लगेच कुंडीचं सांगून टाकलं.

शुक्रवारी मी परीक्षेत पुन्हा नापास झालो. गाडी मागे घेताना. लिंक रोडने अंधेरी गाठणारा माणूस रिकाम्या मैदानात मागे जाऊ शकला नाही, हे सांगितल्यावर टीचर कित्येक दिवसांनी हसल्या. पुढच्या महिन्यात त्यांनीच मला पास करून घेतलं.

त्या नाताळला त्यांनी मला आणि बायकोला जेवायला बोलावलं. गावठाणातलं बैठं घर, दारात कागदी तारा. अंतोननी स्वतः दार उघडलं. गळ्याला पांढरा रुमाल, त्याखाली श्वासासाठी ठेवलेलं छिद्र. त्यांनी खिशातून टॉर्चसारखं एक यंत्र काढलं, हनुवटीखाली लावलं आणि बोलले. आवाज सपाट, भुणभुणणारा, एका सुरातला. "ये, अँब्युलन्स ड्रायव्हर. गाडी कुठे लावलीस?" हसावं की नाही ते मला कळेना, म्हणून मी खरंच गाडी कुठे लावली ते सविस्तर सांगितलं.

स्वयंपाकघरात टीचर फुगे तळत होत्या. ते गोल गोल पाव तेलात फुगून आपोआप उलटत होते. माझ्या जिभेला तेव्हाही लगाम नव्हता. मी विचारलं, "टीचर, अंकलचा जुना आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का हो?"

बायकोने मला कोपर मारलं. टीचरनी झारा निथळून घेतला.

"शेरीलकडे हाय. तिच्या मावसभावाच्या लग्नातल्या हाउजीचा व्हिडिओ. मी बघत नाय."

"त्रास होतो?"

"त्रास कसला. तो आवाज मला उत्तर देत नाय रे. हा देतो. संसार ह्याच्याशी करायचाय, भांडायचं पण ह्याच्याशीच." आणि फुग्यांचं ताट माझ्या हातात दिलं. "ने बाहेर. वाटेत खाऊ नको."

टेबलाभोवती आम्ही सगळे बसलो. आंबट-तिखट मटणाचं व्हिंदालू मधोमध. जेवणाआधीची प्रार्थना त्या घरात नेहमी अंतोन म्हणायचे, आणि त्यात बदल झालेला नव्हता. त्यांनी यंत्र हनुवटीखाली लावलं. "देवबापा, ह्या जेवणासाठी तुझे उपकार. आज जे आमच्यात आहेत त्यांना आणि जे नाहीत त्यांना," एवढं झालं आणि भुणभुण चिरकत चिरकत बंद पडली. अंतोनचे ओठ पुढची दोन-चार अक्षरं हलले. आवाज नव्हता. त्यांनी यंत्र हातावर आपटलं.

"सेल गेला," शेरील म्हणाली.

शांतता मला सोसत नाही. शिवाय एकदा दुसऱ्याच्या वतीने प्रार्थना केल्याचा अनुभव माझ्या गाठीशी होता. मी घसा खाकरला. टीचरनी न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला. "तू थांब. त्याचं तो पुरं करील."

त्या उठल्या, कपाटाच्या खणातून नवा सेल घेऊन आल्या, अंतोनच्या हातून यंत्र घेतलं, झाकण उघडायला नखाने जोर लावायला लागल्या. ते लवकर उघडेना. व्हिंदालूवर तेल गोठायला लागलं. सगळ्यांचे हात जोडलेलेच होते, अंतोनचेही.

"घे," यंत्र परत देत टीचर म्हणाल्या. "आणि थांबलास तिथून पुढे घे रे, लोकांना भुका लागल्यात."

अंतोननी मान हलवली. यंत्र हनुवटीखाली नीट बसवलं, आमच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. टीचरनी जुना सेल फ्रॉकच्या खिशात टाकला आणि पुन्हा मान खाली घातली.